डोंगर संपतो तिथे फुलांनी जायचे कुठे?

(विज्ञान विभाग. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी. पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही अवश्य वाचावे.)



बिदरचा किल्ला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. सहलीला गेलो की आपण तोफा पाहतो, रंगीन महाल पाहतो, खंदकात डोकावतो आणि परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा तटाच्या दगडाला हात लावून पाहा. तांबूस रंगाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा तो दगड म्हणजे जांभा. आपल्याकडचा नेहमीचा काळा पाषाण लाखो वर्षे ऊन-पाऊस खात झिजतो, त्यातील विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते, आणि त्याचा जांभा होतो. बिदर शहर अशाच जांभ्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले आहे. नानक झिरा आणि झरणी नरसिंह येथील पाणी ह्याच दगडातून पाझरून येते.

आता हाच दगड मनात धरून पश्चिमेला थेट सह्याद्रीपर्यंत चला. सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. उंची सुमारे १२०० मीटर. तेथेही जमीन जांभ्याचीच. उन्हाळ्यात पाहिले तर काळपट-तांबडा, उघडाबोडका खडक. आपण त्याला सरळ माळरान म्हणू. साताऱ्याकडचे लोक अशा पठाराला सडा म्हणतात. आणि त्याच सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलांचे गालिचे पसरतात. सुमारे ८५० जातींच्या फुलझाडांची नोंद ह्या परिसरात झाली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्याबरोबर कासही आहे.

पृथ्वीचे तापमान वाढते आहे हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे, परीक्षेत लिहिलेही आहे. आपण ‘बर्फ वितळते, समुद्राची पातळी वाढते’ असे लिहून दोन गुण मिळवतो. पण डोंगरावर राहणाऱ्या वनस्पतींचे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ह्या लेखात तोच पाहू.

आधी एक साधे गणित. डोंगर चढताना हवा थंड होत जाते. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे बिदरपेक्षा ६५० मीटर वर. गणित करून पाहा: फक्त उंचीमुळे तेथे सुमारे सव्वाचार अंश कमी तापमान असले पाहिजे. (प्रत्यक्षात पाऊस, धुके, झाडी यांचाही परिणाम होतो, पण मुख्य कारण उंचीच.) म्हणूनच डोंगर म्हणजे एक शिडी आहे असे समजा. प्रत्येक वनस्पतीला सोसेल इतकी ऊब आणि सोसेल इतका गारवा लागतो. आपापल्या पायरीवर ती राहते. पायथ्याला एक जंगल, मध्ये दुसरे, माथ्यावर तिसरे, असे थर त्यातूनच पडतात.

आता हेच गणित उलटे करा. हवा एका अंशाने तापली तर पूर्वीचा गारवा मिळवण्यासाठी वनस्पतीला किती वर जावे लागेल? १००० भागिले ६.५, म्हणजे सुमारे १५४ मीटर. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. म्हणजे शिडीवरून साधारण १०८ मीटर वर सरकावे लागले. कारण सर्वांना ठाऊक आहे: कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० हून अधिक आहेत. त्याची चर्चा वर्गात पुष्कळ होते, म्हणून येथे लांबवत नाही.

तुम्ही म्हणाल, झाडाला पाय कुठे असतात? बरोबर आहे. एकेक झाड जागचे हलत नाही. पण बी हलते. वाऱ्याने, पाखराच्या पोटातून, पाण्याबरोबर बी खालीही पडते आणि वरही पडते. खाली पडलेले बी उन्हाने करपते, वर पडलेले तगते. पन्नास-शंभर वर्षांनी पाहावे तर ती जात वर सरकलेली असते. माणसाच्या एका आयुष्यात हे डोळ्यांना दिसत नाही. मग ते कळले कसे? ह्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे.

जर्मनीचा अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा संशोधक आपल्या एमे बोनप्लां ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राबरोबर १८०२ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर चढला. शिखर सहा हजार मीटरहून उंच. माथा त्यांना गाठता आला नाही. पण वाटेत कोणती वनस्पती किती उंचीवर दिसली याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या, आणि १८०७ साली एक मोठे चित्र प्रसिद्ध केले. पर्वताचा उभा छेद आणि त्यावर त्या त्या उंचीला वनस्पतींची नावे. दोनशे दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, संशोधकांची एक तुकडी पुन्हा चिंबोराझोवर गेली. त्यांनी २०१५ साली जाहीर केले की वनस्पती सरासरी ५०० मीटरहून अधिक वर सरकल्या आहेत.

येथे गोष्ट संपत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हुम्बोल्टचे जुने कागद बारकाईने तपासले. तेव्हा असे दिसले की चित्र जरी चिंबोराझोचे असले तरी सर्वांत उंचावरच्या वनस्पतींच्या बऱ्याच नोंदी त्याने अँटिसाना नावाच्या दुसऱ्या डोंगरावर केलेल्या होत्या! मग ते अँटिसानावर गेले, पुन्हा मोजले, आणि उत्तर आले २१५ ते २६६ मीटर. सरकणे खरे होते, आकडा निम्म्यावर आला. मला ही दुरुस्ती मूळ शोधापेक्षाही महत्त्वाची वाटते. कोणती नोंद नेमकी कोठे केली हे लिहिलेले नसले की दोनशे वर्षांनीही घोटाळा होतो.

आपल्या देशातही असेच एक काम झाले आहे. जोसेफ डाल्टन हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९-५० मध्ये सिक्कीमच्या उंच दऱ्यांत हिंडला. वाटा नाहीत, जळवा अंगाला लागलेल्या, अशा प्रवासातही तो वनस्पती आणि उंची टिपत राहिला. २००७ ते २०१० ह्या काळात दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी त्याच दऱ्यांत जाऊन १२४ जातींची तुलना केली. ह्या जाती फक्त त्याच भागात सापडणाऱ्या, म्हणजे प्रदेशनिष्ठ होत्या. त्यांपैकी ८७ टक्के जाती तापमानवाढीने आपल्या जागेवरून सरकलेल्या आढळल्या. वेग दर दहा वर्षांना सरासरी सुमारे २७ मीटर.

युरोपातील ३०२ पर्वतशिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की शिखरांवर वनस्पतींच्या जाती वाढत आहेत, आणि २००७ ते २०१६ ह्या दशकात वाढीचा वेग पन्नास वर्षांपूर्वीच्या दशकाच्या पाचपट होता. एखादा विद्यार्थी विचारेल, जाती वाढल्या तर चांगलेच नाही का? प्रश्न योग्य आहे. पण वाढल्या त्या खालून आलेल्या जाती. थंडीत राहणारी माथ्यावरची झाडे ठेंगणी, सावकाश वाढणारी. वाऱ्याला आणि बर्फाला तोंड देणे हीच त्यांची ताकद. खालून उंच, भराभर वाढणारे पाहुणे आले की ऊन अडते आणि घरच्यांनाच जागा उरत नाही. शिवाय डोंगर वर निमुळता होत जातो. जितके वर जाल तितकी जमीन कमी.

आता सह्याद्रीकडे परत येऊ.

हिमालयात आठ हजार मीटरपर्यंत शिडी उभी आहे. निदान काही वनस्पतींना तेथे वर जायला पायऱ्या शिल्लक आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. आपल्या कर्नाटकातील मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटर. संपूर्ण पश्चिम घाटातील सर्वोच्च शिखर केरळातील अनैमुडी, तेही २६९५ मीटर. कासचे पठार १२०० मीटरवर आहे आणि ते स्वतःच माथा आहे! त्याच्या वर काही नाही, आभाळ आहे. एका अंशाला १५४ मीटर ह्या हिशेबाने कासच्या फुलाने वर जायचे म्हटले तर चढायचे कशावर? दुसरा उंच सडा गाठायचा तर मध्ये खोल दरी आहे, तेथे हवा वेगळी, माती वेगळी, दाट झाडी. म्हणून अभ्यासक अशा माथ्यांना बेटे म्हणतात. समुद्रातल्या बेटाभोवती पाणी असते, ह्या बेटांभोवती दऱ्या आहेत.

दुसरी अडचण दगडाची. सड्यावरच्या कित्येक वनस्पतींना फक्त गारवा नव्हे, तर तोच जांभा, तोच सपाट खडक, त्यावरची तीच बोटभर माती लागते. कळसूबाईचा माथा उंच असला तरी तो काळ्या पाषाणाचा सुळका आहे, सडा नव्हे.

सड्यावरचे जीवन एकदा समजून घेतले म्हणजे ही गोष्ट अधिक पटेल. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा खडकाच्या खळग्यांत पाणी साठते, डबकी होतात. काही ठिकाणी माती दोन-चार बोटे, काही ठिकाणी तीही नाही. मातीत नत्र फार कमी. अशा ठिकाणी उपाशी न मरता जगण्यासाठी वनस्पतींनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या आहेत. सीतेची आसवे ही नाजूक निळसर-जांभळी फुले तुम्ही चित्रात पाहिली असतील. नाव इतके कोवळे, पण वनस्पती कीटकभक्षी आहे! तिच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात आणि त्यांतून तिला नत्र मिळते. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते. गेंदाची पांढरी बोंडे ओलसर जागी हजारोंनी उभी राहतात. कवळा, तेरडा, सोनकी ह्या एका पावसाळ्यापुरत्या जगणाऱ्या. बी रुजणे, वाढणे, फुलणे, पुन्हा बी धरणे, सारा संसार जून ते ऑक्टोबर ह्या चार-पाच महिन्यांत. ऑक्टोबरात खडक तापू लागतो आणि दार बंद होते.

वायतुरा नावाची एक पाणवनस्पती आहे. शास्त्रीय नावातच तिचे गाव आहे: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली तिची शास्त्राला ओळख झाली. तुरा दोन फाट्यांचा असतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणून वायतुरा. पावसाळ्यात सड्यावरच्या डबक्यात ती उगवते, पाणी आटले की कंद होऊन जमिनीत झोपते. जगात ती सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांवरच आहे. म्हणजे येथून गेली तर जगातून गेली.

ह्याहून नवलाची गोष्ट म्हणजे वाळून पुन्हा जिवंत होणाऱ्या वनस्पती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती शोधल्या. हे काम २०२३ साली जाहीर झाले. त्यापूर्वी फक्त ९ ठाऊक होत्या. ह्या वनस्पती उन्हाळ्यात अंगातले जवळजवळ सगळे पाणी गमावतात, कागदासारख्या कुरकुरीत होतात. पाऊस पडला की काही वेळात हिरव्या. त्यांत गवते आहेत, नेचे आहेत. आपली बाभूळ चिवट म्हणून आपण कौतुक करतो, पण ही गवते तिच्याही पुढची आहेत.

मग इतक्या चिवट वनस्पतींना अर्ध्या-एका अंशाचे भय कशाला, असे कोणी म्हणेल. माझ्या मते सह्याद्रीच्या सड्यावर खरे भय उन्हाळ्याच्या उष्णतेपेक्षा पावसाच्या वेळापत्रकाचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पडतो तेव्हा कोसळतो, आणि मधले दिवस कोरडे जातात.

हे आपल्याला सांगायला संशोधक कशाला हवेत, असे आपले शेतकरी पालक म्हणतील. २०१६ सालचा एप्रिल आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तेच धरण भरले. शेतकरी निदान दुबार पेरणी करू शकतो. बियाणे उसने आणील, कर्ज काढील. सड्यावरच्या तेरड्याला उसने बी कोण देणार? पहिल्या पावसाने बी रुजले आणि पुढे तीन आठवडे उघडीप पडली, तर दोन बोटे मातीतले ते रोप वाळते. सप्टेंबरात फुले असताना धो धो पाऊस लागला तर मधमाश्या बाहेर पडत नाहीत, फूल फुकट जाते, बी धरत नाही. एक वर्ष असे गेले तर मातीत जुने बी थोडेफार शिल्लक असते. लागोपाठ वर्षे अशीच गेली तर ते भांडवलही संपते.

कारवीचे उदाहरण याहून बोलके आहे. सह्याद्रीच्या उतारांवर कारवीची रानेच्या राने आहेत. तिच्या काठ्यांनी घरांच्या कुडाच्या भिंती होत असत. ती सात-आठ वर्षांतून एकदा, सगळी मिळून एकाच वेळी फुलते आणि बी टाकून मरते. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. आठ वर्षांची पुंजी एकाच पावसाळ्यावर लावलेली! दक्षिणेकडे निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांवरची तिची बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २०१८ हे तिचे वर्ष होते. त्याच ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, आणि मुन्नारचा बहर लांबला. आता तिची पुढची पाळी २०३० मध्ये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सह्याद्रीतील फुलांवर आलेले प्रत्येक संकट हवामानाचे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. काही पठारांवर पवनचक्क्या, रस्ते, बंगले आले. कासला रविवारी गर्दी होते आणि फोटोसाठी लोक फुलांतच बसतात. आणि काही ठिकाणी तर चांगल्या हेतूने नुकसान होते: सडा म्हणजे पडीक जमीन असे समजून बाहेरून माती आणून, खड्डे घेऊन झाडे लावली जातात. सावली पडली की ऊन मागणारी सड्यावरची फुले जातात. विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की, शाळेतर्फे वृक्षारोपण करताना गावाभोवतीचा प्रत्येक उघडा माळ रिकामाच आहे असे धरून चालू नये. एकदा श्रावणात मुलांना घेऊन त्या माळावर खाली वाकून पाहावे. झाडे लावायला रस्त्याची कड आहे, शाळेचे आवार आहे, बांध आहेत. ज्यांना वर सरकायला जागा नाही त्यांची आहे ती जागा तरी आपण घेऊ नये.

आता नोंदींकडे वळतो, कारण ह्या सगळ्या कथेचा कणा तोच आहे. हुम्बोल्टने आणि हूकरने लिहून ठेवले नसते तर वनस्पती वर सरकल्या हे आज कोणी सिद्ध करू शकले नसते. आपल्याकडेही जुन्या नोंदी आहेत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणती वनस्पती कोठे सापडते आणि कोणत्या महिन्यात फुलते हे त्यात दिलेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर वनस्पतिसंग्रह, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह, आघारकर संस्थेचा संग्रह, येथे हजारो वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवून ठेवल्या आहेत. प्रत्येक कागदावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कागदावर फूल असेल तर त्या तारखेला ती वनस्पती फुललेली होती याचा तो लेखी पुरावाच होय.

आणि हे काम फक्त शास्त्रज्ञांचे आहे असेही नाही. जपानमधील क्योटो शहरात डोंगरी चेरीचा बहर कोणत्या दिवशी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्या कोणी लिहिल्या? दरबारी लोकांनी, भिक्षूंनी, आपापल्या रोजनिशीत. त्यांना हवामानबदल माहीत नव्हता. फुले कधी पाहायला गेलो एवढेच ते लिहीत होते. २०२१ साली हा बहर २६ मार्चला आला, तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकर. रोजनिशी लिहिणारे नसते तर हे वाक्य लिहिता आले नसते.

आपल्या मेहकर परिसरात उंच डोंगर नाहीत. पण ऋतू आहेत, आणि ऋतूवर फुलणारी झाडे आहेत. पळस (आपले कन्नड बोलणारे मित्र त्याला मुत्तुग म्हणतात) साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये. आंब्याचा मोहोर थंडीत येतो. देशभरातील शाळकरी मुले अशा झाडांच्या नोंदी ‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात २०१० नंतरच्या काळापासून पाठवत आहेत. त्यात केरळातील शाळा पुढे आहेत. आपल्या शाळेने मागे राहण्याचे काही कारण नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेत तर ते सांगतील, ‘पूर्वी येळवशीला ज्वारी इतकी उंच असायची’, ‘मृग कधी चुकत नसे’. ह्या आठवणी मोलाच्या आहेत, त्या लिहून घ्या. पण एक सावधगिरी बाळगा. येळवस ही मार्गशीर्षातली अमावस्या. चांद्रमास आणि अधिक महिना यांमुळे ती इंग्रजी तारखेने कधी डिसेंबरात तर कधी जानेवारीत येते. त्यामुळे ‘येळवशीला हरभरा घाटे धरत होता’ एवढे पुरेसे नाही, त्या वर्षीची तारीखही लिहिली पाहिजे. नक्षत्रांचे तसे नाही. मृग सूर्याच्या गतीवर असल्याने दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतो, म्हणून त्याच्याशी तुलना सोपी जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखाद्या वर्षी पळस पंधरा दिवस आधी फुलला म्हणून हवामान बदलले असे लिहू नका. भूगोलात आपण हवा आणि हवामान यांतला फरक शिकतो: आजची, ह्या महिन्याची ती हवा, तीस वर्षांची सरासरी ते हवामान. तुमची दहावी झाली की तुम्ही शाळा सोडून जाल. तीस वर्षे शाळाच येथे राहणार आहे. म्हणून वही विद्यार्थ्याची नको, शाळेची हवी. मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपटाशेजारी राहील अशी जाड बांधणीची. त्यासाठी विश्वस्त मंडळाने थोडा खर्च मंजूर करावा, असे मी सुचवतो.

आवारातील किंवा जवळच्या वाटेवरील पाच झाडे निवडा आणि त्यांना क्रमांक द्या. झाड तेच राहिले पाहिजे. ह्या वर्षी एक पळस आणि पुढच्या वर्षी दुसरा असे चालणार नाही (अँटिसानाची गोष्ट आठवा). दर सोमवारी आठवीतील दोन विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावे: नवी पालवी, कळी, फूल, फळ यांपैकी काय दिसते. तारीख, झाडाचा क्रमांक, काय दिसले आणि पाहणाऱ्याचे नाव, एवढेच लिहायचे. काही दिसले नाही तरी ‘काही नाही’ असे लिहायचे, कोरे सोडायचे नाही. पाऊस मोजण्यासाठी सरळ भिंतीचा, सपाट तळाचा एखादा डबा उघड्यावर ठेवला आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून ओतून टाकले तरी काम भागते.

स्वाध्याय: (१) सिक्कीममधील वनस्पती दर दहा वर्षांना २७ मीटर ह्या वेगाने १८५० ते २०१० पर्यंत सरकत राहिल्या असे धरले तर एकूण किती मीटर वर गेल्या? तेवढ्या चढाला तापमानातला किती फरक पडतो? (२) कासचे पठार १२०० मीटर, मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटर. फक्त तापमानाचा विचार केला तर कासच्या वनस्पतीला मुळ्ळय्यनगिरीच्या माथ्यावर किती अंशांची सवड मिळेल? ती तेथे पोहोचू शकणार नाही याची दोन कारणे लिहा. (३) घरातील सर्वांत वडील व्यक्तीला विचारून, पूर्वी दिसणारे आणि आता न दिसणारे एक रानफूल किंवा गवत यांचे नाव, ठिकाण आणि साधारण साल लिहून आणा. नाव कन्नडमध्ये किंवा उर्दूत सांगितले तर तसेच लिहा. उत्तरे विज्ञान विभागाकडे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शाळेच्या वहीच्या पहिल्या पानांवर उतरवून घेण्यात येतील.